एफाव्हिरेन्झची रक्तातील पातळी आणि आनुवंशिक भेद

औषधाची मात्रा ठरविताना वैद्यकशास्त्र एका सरासरी मनुष्याची कल्पना गृहीत धरते. हा मनुष्य कोणत्याही रुग्णालयात प्रत्यक्ष भेटत नाही; तरीही गोळीचे वजन त्याच्याच अंगमानाने ठरते. वय, वजन, यकृत व मूत्रपिंड यांची अवस्था पाहून मात्रेत फेरफार करण्याची रीत जुनी आहे. परंतु दोन निरोगी यकृते एकच औषध सारख्याच वेगाने नाहीसे करतात, हे गृहीतकृत्य सहसा तपासले जात नाही. ते कितपत टिकते हे पाहण्यास एच. आय. व्ही. संसर्गावरील एफाव्हिरेन्झ या औषधाचे उदाहरण फार उद्बोधक आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी हे औषध घेणाऱ्या १३० रुग्णांच्या रक्तद्रवातील त्याचे प्रमाण मोजून २००१ साली प्रसिद्ध केले. मात्रा नेहमीची, म्हणजे रोज ६०० मिलिग्रॅम. रक्तातील पातळी मात्र लिटरमागे १२५ मायक्रोग्रॅमपासून १५,२३० मायक्रोग्रॅमपर्यंत पसरलेली आढळली. टोकाच्या दोन मापांत १२० पटींहून अधिक अंतर होते. यांतील काही अंतर गोळी चुकविल्यामुळे पडले असणार, हे उघड आहे. रक्तात औषध कमी दिसले की वैद्याच्या मनात पहिला संशय तोच येतो. परंतु गोळी चुकविल्याने पातळी खाली जाते, चौपट वर चढत नाही. वरच्या टोकाचा उलगडा अन्यत्र शोधावा लागतो, आणि तो बहुतांशी एका जनुकात सापडतो.

एफाव्हिरेन्झला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. एच. आय. व्ही. हा विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करण्यासाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एंझाइम वापरतो. एफाव्हिरेन्झ या एंझाइमच्या एका खोबणीत जाऊन बसते व त्याची हालचाल थांबविते. औषध स्वस्त झाले, दिवसातून एकदा रात्री घेतले की पुरे होऊ लागले, आणि इतर दोन औषधांसह एकाच गोळीत बसू लागले. त्यामुळे जवळजवळ दीड दशक जगातील लक्षावधी रुग्णांच्या पहिल्या उपचाराचा ते कणा बनले. त्याच्या पातळीला इतके महत्त्व येण्याचे कारण असे की, या औषधाला दोन्ही बाजूंनी कडे आहेत. पातळी फार खाली गेली तर विषाणूला वाढीस वाव मिळतो, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या १०३ व्या स्थानी लायसीनऐवजी ॲस्परजीन येण्याचा एकच बदल या औषधाला निष्प्रभ करण्यास पुरेसा असतो. पातळी फार वर गेली तर मज्जासंस्थेला त्रास होतो: चक्कर, निद्रानाश, अतिस्पष्ट व भयावह स्वप्ने, अस्वस्थता, क्वचित खोल नैराश्य. लोझानच्या अभ्यासात लिटरमागे १,००० मायक्रोग्रॅमखाली पातळी असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांत विषाणू आटोक्यात आला नव्हता. १,००० ते ४,००० या पट्ट्यात हे प्रमाण २२ टक्के होते. मज्जासंस्थेच्या तक्रारी या मधल्या पट्ट्यात ९ टक्क्यांना, तर ४,००० च्या वर २४ टक्क्यांना होत्या. तेव्हापासून १,००० ते ४,००० मायक्रोग्रॅम हा पट्टा उपचारास योग्य मानण्याचा प्रघात पडला. त्याच्या दोन्ही कडा वाटतात तितक्या रेखीव नाहीत, हे पुढे दिसून येईल.

आता यकृताकडे वळू. पोटात गेलेले एफाव्हिरेन्झ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि रक्तात त्याचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना चिकटून राहतो. मूत्रावाटे ते जसेच्या तसे बाहेर टाकणे शरीरास साधत नाही. त्याच्या रेणूवर प्रथम एक हायड्रॉक्सिल गट बसवावा लागतो. हे काम मुख्यत्वे यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या कुळातील एक एंझाइम करते. त्याचे शास्त्रीय नाव सीवायपी-२बी६. काही थोडा भाग सीवायपी-२ए६ या दुसऱ्या एंझाइमच्या मार्गाने जातो. या आडवाटेचा उल्लेख येथे ओझरता केला असला तरी वाचकांनी तो लक्षात ठेवावा. क्षयरोगाच्या प्रकरणात तिचे महत्त्व एकाएकी वाढते. याखेरीज एक विशेष असा की, एफाव्हिरेन्झ स्वतःच आपल्याला मोडणाऱ्या एंझाइमची निर्मिती वाढविते. त्यामुळे पहिल्या मात्रेनंतर ५२ ते ७६ तास असलेला त्याचा अर्धायुकाल नियमित सेवनाने ४० ते ५५ तासांवर येतो.

सीवायपी-२बी६ चे जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे. त्यात नऊ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले नऊ खंड आहेत, आणि त्यांवरून ४९१ अमिनो आम्लांचे प्रथिन बनते. या मजकुरातील ५१६ व्या स्थानी बहुतेकांत ग्वानीन असते, अनेकांत थायमीन असते. प्रत्येकास हे जनुक मातेकडून एक व पित्याकडून एक असे दोन प्रतींत मिळत असल्याने तीन प्रकार संभवतात: दोन्ही प्रतींत ग्वानीन, एकीत ग्वानीन व एकीत थायमीन, दोन्हीत थायमीन. सोयीसाठी त्यांना अनुक्रमे जीजी, जीटी व टीटी म्हणू.

एका अक्षराच्या या बदलाने काय घडते, याचे उत्तर बरीच वर्षे चुकीच्या दिशेने शोधले जात होते असे म्हणावयास हरकत नाही. ग्वानीनऐवजी थायमीन आल्याने प्रथिनाच्या १७२ व्या स्थानी ग्लुटामीनच्या जागी हिस्टिडीन येते. साहजिकच, प्रथिनाची घडण बिघडून त्याची कार्यशक्ती मंदावत असावी, असा तर्क करण्यात आला. परंतु हे बदललेले प्रथिन प्रयोगशाळेत वेगळे काढून पाहता ते काम करीत नाही असे दिसत नाही. काही द्रव्यांच्या बाबतीत तर ते मूळ प्रथिनापेक्षा चपळ ठरते. मग मंदपणा कोठला? २००८ साली यकृताच्या नमुन्यांवर झालेल्या संशोधनाने हा पेच सोडविला. जनुकावरून आरएनएची प्रत निघाल्यावर मधले निरर्थक भाग कापून एक्झॉन एकमेकांस जोडले जातात. ५१६ वे स्थान चौथ्या एक्झॉनमध्ये आहे, आणि तेथे थायमीन आले की ही कापणी-जोडणी वारंवार चुकते: चौथा, पाचवा व सहावा असे तीन एक्झॉन गळूनच जातात. अशा तुटक संदेशावरून उपयुक्त प्रथिन बनत नाही. म्हणजे टीटी रुग्णाच्या यकृतात कारागीर अकुशल नसतात. त्यांची संख्याच थोडी असते. प्रथिनातील अमिनो आम्ल बदलणारा फरक दिसला की त्यावरच सर्व दोष टाकण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांत (आणि अध्यापकांतही) आढळते. त्या सवयीला हा उत्तम उतारा आहे.

या बदलासोबत बहुधा ७८५ व्या स्थानीही एक बदल वारशाने येतो, आणि या जोडीस ‘तारांकित सहा’ असे नाव आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ९८३ व्या स्थानचा आणखी एक बदल आढळतो. तो इतरत्र जवळजवळ नाही. त्याचाही परिणाम मंदगतीकडेच होतो. या लेखात आपण मुख्यतः ५१६ व्या स्थानापुरतेच बोलणार आहोत.

या स्थानाचा रुग्णाच्या रक्ताशी असलेला संबंध प्रथम ठसठशीतपणे मांडला तो अमेरिकेतील एड्स चिकित्सा-चाचण्यांच्या गटाने, २००४ साली. चोवीस तासांत रक्तद्रवाचा औषधाशी येणारा एकूण संपर्क मोजला असता जीजी गटात त्याचे मध्यम मूल्य मिलिलिटरमागे ४४ मायक्रोग्रॅम-तास, जीटी गटात ६०, आणि टीटी गटात १३० आले. म्हणजे गोळी तीच, पण टीटी रुग्णाचे शरीर जणू तिप्पट मात्रा भोगीत होते. याच अभ्यासात टीटी प्रकार आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांपैकी २० टक्क्यांत व युरोपीय वंशाच्या रुग्णांपैकी ३ टक्क्यांत आढळला. पहिल्या आठवड्यातील मज्जासंस्थेच्या तक्रारींचा जनुकप्रकाराशी संबंध दिसला. २४ व्या आठवड्यापर्यंत मात्र तो विरून गेला होता. पातळी तर कमी झाली नव्हती. एक तर मेंदू काही अंशी सरावतो, किंवा ज्यांना त्रास असह्य झाला ते औषध सोडून गणनेतून बाहेर पडतात. दुसऱ्या शक्यतेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जे टिकले त्यांच्यावरून सहनशीलतेचे अनुमान काढणे हे धोक्याचे आहे.

मेंदू सरावतो हे म्हणणेही सर्वांना लागू पडत नाही. दक्षिण आफ्रिकेतून २०१७ साली अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले की, ज्यांना उपचार सुरू होऊन दीर्घ काळ लोटल्यावर चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, बुद्धी मंदावणे असा त्रास झाला. त्यांच्या रक्तातील एफाव्हिरेन्झ अतिशय वाढलेले होते, आणि बहुतेक जण आनुवंशिक दृष्ट्या मंदगती होते. अशा रुग्णाचे निदान करताना वैद्य साहजिकच मेंदूच्या क्षयाकडे वा विषाणूच्याच उपद्रवाकडे वळतो. रुग्ण नेमाने घेत असलेल्या गोळीवर संशय घेणे त्यास सहजी सुचत नाही.

२० टक्के व ३ टक्के या आकड्यांवरून वंश हाच मात्रेचा निकष मानण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. युरोपीय वंशाच्या शंभरांत तीन रुग्ण टीटी असतात, त्यांच्या यकृताला स्वतःच्या वंशाच्या सरासरीचे काही सोयरसुतक नसते. आणि आफ्रिकी वंशाच्या शंभरांत ऐंशी टीटी नसतात. शिवाय ‘आफ्रिकी’ हे एक लेबल अनेक भिन्न लोकसमूहांना चिकटविलेले आहे. थायमीनयुक्त प्रतीची आजवर नोंदलेली सर्वांत मोठी वारंवारता आफ्रिकेत नसून पापुआ न्यू गिनीत आहे. तेथे ती ६० टक्क्यांच्या वर जाते.

लोकसंख्याशास्त्रीय अंगाने पाहावयाचे तर झिंबाब्वेचे उदाहरण घ्यावे. हरारे येथील रुग्णांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायमीनयुक्त प्रतीची वारंवारता ४९ टक्के आढळली. हार्डी व वाइनबर्ग यांचा नियम लावला तर ०.४९ चा वर्ग सुमारे ०.२४ येतो, म्हणजे दर चार व्यक्तींत जवळजवळ एक टीटी असणार. त्याच अभ्यासात सुमारे निम्म्या रुग्णांची पातळी लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या वर होती, आणि टीटी रुग्णांची मात्रा ३५ टक्क्यांनी कमी करता येईल असे गणित संशोधकांनी मांडले होते. ज्या देशात निम्मे रुग्ण ‘योग्य’ पट्ट्याच्या वर आहेत, तेथे ६०० मिलिग्रॅम ही प्रमाण मात्रा म्हणावी काय, हा प्रश्न त्या वेळीच उभा राहावयास हवा होता. तो राहिला नाही. २०१५ साली झिंबाब्वेने एफाव्हिरेन्झ असलेली एकत्रित गोळी पहिल्या उपचारासाठी सार्वत्रिक केली, आणि लवकरच भ्रम, नैराश्य, आत्महत्येचे विचार अशा तक्रारी येऊ लागल्या. काही रुग्णांनी औषध सोडले. सात वर्षांपूर्वीच्या त्या अभ्यासातील एक संशोधक कॉलेन मासिमिरेम्ब्वा यांनी या अनुभवाकडे पुढे जाहीरपणे लक्ष वेधले. ६०० मिलिग्रॅम ही मात्रा ज्या चाचण्यांतून आली त्यांतील रुग्णांत आफ्रिकेतील रुग्णांचा वाटा अल्प होता, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

औषध सोडण्याचा प्रश्न निघालाच आहे, तर त्याच्याशी निगडित असलेला आणि सहसा दुर्लक्षिला जाणारा एक मुद्दा येथे मांडला पाहिजे. एकत्रित गोळीतील तिन्ही औषधे एकाच दिवशी थांबविली तरी ती रक्तातून एकाच दिवशी जात नाहीत. इतर दोन तुलनेने लवकर नाहीशी होतात; एफाव्हिरेन्झ एकटे मागे रेंगाळते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात औषध थांबविल्यानंतरचा त्याचा अर्धायुकाल जीजी रुग्णांत २३ तास, जीटीत २७ तास व टीटीत ४८ तास आढळला. विषाणूस रोखण्यास आवश्यक अशा किमान प्रमाणाच्या वर ते अनुक्रमे सुमारे ६, ७ व १४ दिवस राहील, असा अंदाज निघाला. या काळात विषाणूची गाठ तीन औषधांऐवजी एकाच, आणि तेही उतरत्या प्रमाणातील, औषधाशी पडते. १०३ व्या स्थानाचा तो एकच बदल निवडला जाण्यास याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच असेल. म्हणजे ज्या रुग्णाला जनुकामुळे त्रास अधिक होतो, त्यालाच औषध सोडावेसे वाटते, आणि सोडले तर त्यालाच सर्वाधिक काळ एकेरी औषधाच्या धोक्यात राहावे लागते. जास्त पातळी म्हणजे निदान उपचार तरी पक्का, हा समज म्हणूनच अर्धवट आहे.

आता क्षयरोगाचा विचार करू. भारतीय वाचकास या विषयाचे सर्वांत जवळचे अंग तेच आहे. एच. आय. व्ही. बाधित रुग्णास क्षय जडणे हे आपल्याकडे नित्याचे आहे, आणि क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील सायटोक्रोम एंझाइमांची निर्मिती जोराने वाढविते. त्यावरून असा निष्कर्ष काढण्यात आला की, रिफाम्पिसिनसोबत एफाव्हिरेन्झची पातळी घसरणार, तेव्हा मात्रा वाढवावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली ५० किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या रुग्णांस रिफाम्पिसिनसोबत ८०० मिलिग्रॅम द्यावे अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घातली. परंतु चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रातून २००९ सालीच निराळे वृत्त आले होते: दक्षिण भारतातील रुग्णांत एफाव्हिरेन्झची स्थिर पातळी ठरविण्यात ५१६ व्या स्थानाचा प्रभाव स्पष्ट दिसतो, रिफाम्पिसिनचा दिसत नाही. पुढे अनेक देशांत झालेल्या मोठ्या चाचणीतही क्षयावरील उपचार चालू असताना एफाव्हिरेन्झची पातळी घसरलेली आढळली नाही.

हे कोडे सोडविण्यासाठी चेन्नईच्या त्याच संस्थेच्या पूर्वेतिहासाकडे जावे लागते. तिची स्थापना १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र या नावाने झाली. त्या काळी आयसोनियाझिड हे औषध नवे होते, आणि ते काहींच्या शरीरात भराभर तर काहींच्या शरीरात सावकाश निष्क्रिय होते, हे ध्यानात येऊ लागले होते. हा भेद आनुवंशिक असल्याचे १९६० साली कुटुंबांच्या अभ्यासातून दाखविण्यात आले. ‘औषध-आनुवंशिकी’ या अर्थाचा शब्द जर्मन आनुवंशिकीतज्ज्ञ फ्रीडरिश फोगेल यांनी १९५९ साली योजिला, तो याच वातावरणात. मद्रासच्या केंद्राने या भेदाचा उपचाराच्या यशाशी संबंध तपासला: रोज औषध घेणाऱ्यांत त्याने फारसे बिघडत नाही, परंतु आठवड्यातून एकदाच औषध देण्याच्या पद्धतीत ते भराभर निष्क्रिय करणारे रुग्ण मागे पडतात. आनुवंशिक भेदाचे महत्त्व मात्रेच्या अंतरावर अवलंबून असते, हा धडा आपल्याच देशात इतक्या आधी मिळालेला होता.

हेच आयसोनियाझिड एफाव्हिरेन्झच्या कथेत पुन्हा प्रवेश करते. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन एकटे दिले जात नाही. आयसोनियाझिड सोबत असते, आणि ते सीवायपी-२ए६ ला, म्हणजे आपण मघाशी लक्षात ठेवलेल्या आडवाटेला, अडथळा करते. जीजी रुग्णात मुख्य रस्ता प्रशस्त असतो. रिफाम्पिसिन तो अधिक रुंद करते, आडवाट बंद झाली तरी बिघडत नाही. टीटी रुग्णात मुख्य रस्ता मुळातच अरुंद. औषधाचा बराच भार आडवाटेवर पडलेला असतो, आणि नेमकी तीच आयसोनियाझिडने अडविली जाते. रुग्ण आयसोनियाझिडही सावकाश निष्क्रिय करणारा असेल तर अडथळा अधिक टिकतो. कंबोडियातील रुग्णांवरील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा दोन जनुकांचा संगम दाखवून देण्यात आला. अशा रुग्णांत क्षयाच्या उपचाराने एफाव्हिरेन्झची पातळी घटण्याऐवजी वाढते. भारतीय लोकांत आयसोनियाझिड सावकाश निष्क्रिय करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे आणि ५१६ व्या स्थानी थायमीनही विरळ नाही, हे पाहता ८०० मिलिग्रॅमची सूचना आपल्याकडे जशीच्या तशी उचलणे अविचाराचे ठरले असते. रिफाम्पिसिनचा एंझाइमवरील परिणाम खोटा नाही. पण तो एकट्याने कार्य करीत असल्याचे समजणे खोटे आहे.

मग प्रत्येक रुग्णाचे जनुक तपासून मात्रा द्यावी काय? तांत्रिक दृष्ट्या त्यात अवघड असे काही नाही. जपानमध्ये मंदगती रुग्णांची मात्रा ४०० वा २०० मिलिग्रॅमपर्यंत उतरवून विषाणू आटोक्यात ठेवता आल्याचे २००७ सालीच प्रसिद्ध झाले होते. औषध-आनुवंशिकीच्या वापरासंबंधी मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानेही २०१९ साली मंदगती रुग्णांस ४०० वा २०० मिलिग्रॅम द्यावे अशी शिफारस केली. तरीही ही तपासणी कोठेही सार्वत्रिक झाली नाही. याउलट एच. आय. व्ही. वरीलच अबाकाव्हिर या औषधापूर्वी एचएलए-बी ५७:०१ या आनुवंशिक प्रकाराची तपासणी करणे आज अनेक देशांत नियमाचे झाले आहे. या दोहोंतील फरक मननीय आहे. अबाकाव्हिरच्या बाबतीत प्रश्न रक्तातील पातळीचा नसून प्रतिकारयंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रियेचा आहे. ती प्रसंगी प्राणघातक ठरते. १,९५६ रुग्णांवरील आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांची पूर्वतपासणी करून हा प्रकार असलेल्यांना अबाकाव्हिर दिले नाही, त्या गटात निश्चित निदान झालेली प्रतिक्रिया एकालाही झाली नाही. तपासणीविना औषध दिलेल्या गटात ती २.७ टक्क्यांना झाली. येथे उत्तर हो किंवा नाही असे येते, आणि वैद्याने करावयाची कृतीही तितकीच सरळ असते. एफाव्हिरेन्झच्या बाबतीत जनुक पातळी सांगते, पण पातळी रुग्णाची गती पूर्ण सांगत नाही: १३० चा आकडा असलेला एखादा टीटी रुग्ण निवांत झोपतो, आणि ४४ चा एखादा जीजी रुग्ण स्वप्नांनी हैराण होतो.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक रोचक आहे. मात्रा एकेकट्या रुग्णासाठी कमी करण्याऐवजी सर्वांसाठीच कमी केली तर? २०१४ साली ‘एन्कोर-१’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत तेरा देशांतील सुमारे ६३० रुग्णांची ४०० व ६०० मिलिग्रॅम अशा दोन मात्रांवर तुलना करण्यात आली. ४८ आठवड्यांनंतर विषाणू आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण लहान मात्रेवर ९४.१ टक्के व मोठ्या मात्रेवर ९२.२ टक्के होते. औषधाशी संबंधित तक्रारी लहान मात्रेवर ३६.८ टक्क्यांना, मोठ्या मात्रेवर ४७.२ टक्क्यांना झाल्या. म्हणजे जगभर सुमारे पंधरा वर्षे दिली गेलेली मात्रा बहुतेकांना गरजेपेक्षा दीडपट होती, आणि टीटी रुग्ण त्या वाढीव मात्रेवर स्वतःच्या यकृताची भर घालून घेत होते. १,००० मायक्रोग्रॅमची खालची कडाही या चाचणीने सैल केली. लहान मात्रेवर त्या रेषेखाली गेलेल्या सर्वांचाच उपचार काही फसला नाही. जनुकभेदांच्या अभ्यासाने प्रत्येक रुग्णाला त्याची स्वतंत्र मात्रा मिळवून दिली नाही. प्रमाण मात्रेविषयी शंका घेण्यास मात्र त्याने भक्कम आधार पुरविला. प्रस्तुत लेखकाच्या मते हे फळ कमी मोलाचे नाही. तपासणीची सोय नसलेल्या दवाखान्यातील रुग्णालाही ते मिळू शकले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली ४०० मिलिग्रॅमला पर्यायी उपचारात स्थान दिले. पण तोवर डोल्युटेग्राव्हिर पुढे येत होते. २०१९ साली संघटनेने त्यास पहिल्या पसंतीचे स्थान दिले, आणि भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतही पहिला उपचार डोल्युटेग्राव्हिरवर आधारलेला आहे. हे औषध मुख्यत्वे यूजीटी-१ए१ या एंझाइमने मोडले जाते. त्याच्या जनुकातही भेद आहेत, आणि मंदगती व्यक्तींत डोल्युटेग्राव्हिरचा एकूण संपर्क सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक भरतो. टीटी रुग्णातील तिपटीच्या मानाने ही वाढ किरकोळ असल्याने मात्रा बदलण्याची गरज मानली गेलेली नाही. रिफाम्पिसिनसोबत मात्र डोल्युटेग्राव्हिरची पातळी खरोखरच घसरते, आणि ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते. एफाव्हिरेन्झ ४०० मिलिग्रॅम अद्याप पर्यायांच्या यादीत आहे. डोल्युटेग्राव्हिर न सोसणाऱ्या क्षयग्रस्त रुग्णास ते देण्याची वेळ येते, तेव्हा ५१६ व्या स्थानी काय आहे हा प्रश्न चेन्नईत वा हरारेत आजही तितकाच अर्थपूर्ण असतो.